एका हाताची फुगडी

मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कार्यक्रम बसवणाऱ्या सुरेखाताईंचा मेसेज पडला तेव्हा मी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांपुढे कोपीच्या, म्हणजे इथल्या दाट कॉफीच्या, रांगेत उभी होते. मंगळागौरीच्या कार्यक्रमातली शेवटची फुगडी मेधा आणि अनुजा घालणार, असं त्यात होतं. खाली पंधरा-वीस जणींनी टाळ्यांचे हात टाकले होते. मेधाच्या डॉक्टरांना विचारलंय का, एवढं साधं विचारायची बुद्धी एकीलाही झाली नव्हती. मी कोपी न घेताच रांगेतून बाहेर पडले, आणि डोकं इतकं तापलं होतं की घराच्या उलट दिशेच्या बसमध्ये जाऊन बसले.

शेवटची फुगडी म्हणजे मेधा आणि मी. दहा-बारा वर्षं तरी तसंच चालत आलं होतं. आम्ही एकाच कॉन्डोत राहतो, ती नवव्या मजल्यावर आणि मी चौथ्या. ती तांजोंग पगार नावाच्या ऑफिसांच्या भागात एका विमा कंपनीत आहे. कोण किती जगेल याच्या शक्यता मोजायचा तिला पगार मिळतो. मी घरी ज्युनियर कॉलेजच्या मुलांच्या फिजिक्सच्या ट्यूशन घेते. सुरेखाताई टाळ्यांचा वेग वाढवत न्यायच्या, बाकीच्या जोड्या एकेक करून सुटायच्या, आणि आम्ही दोघी मात्र फिरतच असायचो. मागच्या श्रावणात मेधाचं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो. त्या वर्षी शेवटची फुगडी कुणीच घातली नाही.

या वर्षी जूनमध्येच तिने मला विचारलं होतं, लिफ्टची वाट बघताना. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. ती म्हणाली, पुढच्या वर्षाचं मला सांगत जाऊ नकोस, आणि लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. तेवढ्यावर विषय संपला असं मी समजले. संपला कसला, बाई तडक अनुजाकडे गेल्या. अनुजा म्हणजे दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली आयटीतली मुलगी, जिमला जाते, तिथे कसली कसली लोखंडं उचलते आणि त्याचे फोटो टाकते. जोर भरपूर, पण फुगडीतलं तिला ओ की ठो कळत नाही. अशा मुलीच्या हातात मेधाचा तो डावा हात द्यायचा!

मी मेधाला फोन केला नाही. भांडले असते, आणि आजारातून उठलेल्या माणसाशी भांडायचं नसतं असं मी वर्षभर स्वतःला बजावत आले होते. त्याऐवजी मी गणित करायचं ठरवलं. मेधा माणसांचं ऐकत नाही, आकड्यांचं ऐकते. आकडा समोर ठेवला की मुकाट्याने नाव मागे घेईल, हा माझा हिशेब.

माझ्या दुर्दैवाने त्या संध्याकाळी नवरा घरी होता. निशिकांत मरीन इंजिनियर आहे. पूर्वी जहाजावर होता, आता तुआसच्या गोदीत जहाजदुरुस्तीच्या कामावर देखरेख करतो. मी हॉलमध्ये केरसुणी आडवी ठेवून फुगडीची त्रिज्या मोजत होते, तर हा सोफ्यावर पाय पसरून विचारतो, किती जी येतो? मी म्हटलं, साधारण अर्धा. तो हसायला लागला. त्याच्या जहाजावरचं तेल गाळायचं यंत्र तेलाला इतकं गरगर फिरवतं की हजारो जी लागतात आणि पाणी, गाळ सगळं वेगळं होतं, आणि तू अर्ध्या जीवर एवढी घाबरतेस, असं त्याचं म्हणणं. मेधा म्हणजे तेल नव्हे, असं मी त्याला शांतपणे सांगितलं. म्हणजे मला तरी ते शांत वाटलं.

मग त्याला मदत करायची हुक्की आली. त्याने दोन बायकांमधलं सगळं अंतर त्रिज्या म्हणून धरलं आणि माझ्या दुप्पट आकडा काढला. अरे, फुगडीत कुणी खांबाला धरून फिरत नाही, दोघीही फिरतात, मध्य दोघींच्या मधोमध असतो, हे मी त्याला आधी बोलून, मग चित्र काढून आणि शेवटी दोन चमचे फिरवून समजावलं. त्यावर तो म्हणाला, बरं बाई, अर्धं करून टाक. इंजिनियर लोक गणिताला भाजीवालीशी घासाघीस करावी तसं वागवतात.

गणित खरं तर सोपं आहे. आपण नुसते उभे असतो तेव्हा जमीन आपल्याला जेवढ्या जोराने वर धरून ठेवते तो एक जी. गोल फिरताना अंगाला सरळ रेषेत निघून जायचं असतं. त्याला सतत आत ओढत राहावं लागतं, आणि ती ओढ वजनाच्या किती पट आहे ते जीमध्ये सांगायचं. त्रिज्या वाढली की ओढ तेवढीच वाढते, वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. मुलांना मी एक युक्ती सांगते: दोन सेकंदांत एक गिरकी असेल तर कॅलक्युलेटर बाजूला ठेवा, त्रिज्या जितके मीटर जवळजवळ तितकाच जी. फुगडीत पावलं मध्याशी असली तरी अंग मागे रेललेलं असतं, आणि अंगाचा भार मध्यापासून हातभर अंतरावर, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटरवर येतो. म्हणजे ०.४५ जी. साठ किलोच्या बाईला आत धरून ठेवायला सत्तावीस किलोची ओढ लागते, आणि ती हातांनी सोसायची. ही झाली सावकाश गिरकी. मागे रेलल्याचा भार यात धरलेलाच नाही, तो आणखी वेगळा. सुरेखाताईंनी टाळ्या दुप्पट केल्या की सत्ताविसाचे एकशे आठ.

हे मी दुसऱ्या दिवशी ट्यूशनच्या मुलांनाही सोडवायला दिलं, आकडे पडताळून घ्यावेत म्हणून. दोन बायका, प्रत्येकी साठ किलो. मुलांनी साठ किलोच्या आंटी हवेत उडून कुठे पडतील यावर यथेच्छ विनोद केले. एक मुलगी मात्र नको तेवढी हुशार आहे. इथल्या मुलांच्या तोंडी टीचरचं नुसतं चेर होतं; तिने विचारलं, "चेर, सेम वेट मीन्स सेंटर इन द मिडल, कॅन. बट इफ नॉट सेम, हाउ?" मी तिला म्हटलं, प्रश्नात साठ दिलेत ना, मग साठ धर. ती "ओके लाह" म्हणून गप्प बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं आणि मला तिचा राग आला. का आला ते तेव्हा मला कळलं नाही.

शनिवारी दुपारी तालीम होती, कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये. एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत आणि भिंतीवर रहिवाशांच्या मीटिंगसाठी लावलेला पांढरा फळा. सगळ्या जणी लेगिंग्ज आणि टीशर्टमध्ये आल्या होत्या, मेधाने तर अंगभर ढगळ कुर्ता घातला होता, केस अजून बोटभर. ती अनुजाला पाय कसे जवळ ठेवायचे ते दाखवत होती. माझ्याकडे पाहून ती हसली, जणू काही झालंच नाही. मी हसले नाही. मी पिशवीतून मार्कर काढला आणि सुरेखाताईंना सांगितलं की पाच मिनिटं मला बोलायचं आहे.

सुरेखाताईंना वाटलं मी उखाणा वगैरे घेणार आहे. मी फळ्यावर दोन बाया काढल्या, मध्य काढला, त्रिज्या लिहिली, वजन लिहिलं, सत्तावीस किलो लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि मग एकशे आठ लिहून त्याला गोल केला. हा भार कुणाच्या हातावर येणार आहे ते बघा, म्हटलं. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला अचानक हिसका बसला तर तो हात सुजतो आणि ती सूज जन्माची बसते, हे तुमच्यापैकी कुणी वाचलंय का? टाळ्यांचे हात टाकायला अंगठा पुरतो, वाचायला डोळे लागतात. माझा आवाज चढला होता हे मला ऐकू येत होतं. अनुजाचा चेहरा पडला. ती बिचारी म्हणाली, योगिनीताई, मला हे माहीतच नव्हतं, आणि दोन पावलं मागे सरकली.

मेधा फळ्याजवळ आली. तिने खालून वर सगळं वाचलं, ऑफिसात कुणाचा तरी रिपोर्ट तपासावा तसं. तिने बोट ठेवलं ते सत्ताविसावर नाही, एकशे आठावरही नाही. वर, पहिल्या ओळीत.

"हे साठ कुणाचे?"

मी म्हटलं, तुझे. सोयीसाठी दोघींचेही साठच धरलेत.

"मी त्रेचाळीस किलो आहे, योगिनी."

 मेधा साठ किलोची होती, बरोबरच होतं ते. फुगडीत दर वर्षी मला समोरून जेवढी ओढ लागायची ती साठाची होती, म्हणून मी साठ लिहिले होते, दुसरं काही लिहायचं मला सुचलंच नव्हतं. वर्षभर मी तिच्यासोबत हॉस्पिटलात जात होते. तिच्यासाठी मऊ भात, पेज, मुगाचं कढण नेत होते. टॅक्सीचं दार उघडून धरत होते. तरी मी साठ लिहिले होते.

"डबे आणलेस, रिपोर्ट वाचलेस, डॉक्टरांना माझ्या वतीने प्रश्न विचारलेस," मेधा म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता, आणि चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "पण ऑपरेशननंतर तू मला एकदाही हात लावला नाहीस. एकदा जरी धरलं असतंस तरी हा आकडा चुकला नसता."

मी काहीतरी म्हणायला गेले की तुला दुखेल म्हणून, टाके होते म्हणून. टाके तर कधीच गेले होते. मग मी डॉक्टरांचा विषय काढला, कारण तेवढंच हाताशी होतं. तेव्हा तिने सांगितलं की फिजिओला तिने महिन्यापूर्वीच विचारलं होतं, त्यांना फुगडीचे व्हिडिओ दाखवले होते, आणि डाव्या हाताला ओढ नको एवढंच त्यांचं म्हणणं होतं. म्हणून ती एका हाताची फुगडी घालणार होती, उजव्या. डावा हात कमरेवर.

"तू विचारलंस का, कुठली फुगडी?"

मी विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नाही म्हणून सगळ्या ग्रुपवर चार दिवस धुसफुसत होते, आणि मीही विचारलं नव्हतं. मला इतका राग आला, की आधी मला वाटलं तो तिचाच आला आहे.

सुरेखाताईंनी चहाचं काढलं. त्यांना वाटलं असणार की चहाने हे मिटेल. मेधा तिथून हलली नाही. तिने मला उजवा हात पुढे केला आणि म्हणाली, अनुजाबरोबर घालायची म्हणून मी कुठे मरत नव्हते, तू नाही म्हणालीस म्हणून तिच्याकडे गेले. ये.

मी चपला काढल्या. तिचा हात धरला, मनगटाच्या वर, फुगडीत धरतो तसा. आणि मग मला कळलं. कातडीखाली लगेच हाड होतं. माझी बोटं तिच्या मनगटाभोवती फिरून माझ्याच अंगठ्याला भेटली, पूर्वी कधी भेटत नव्हती. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं, पण सगळ्या बघत होत्या आणि सुरेखाताईंनी टाळ्या सुरू केल्या होत्या.

आम्ही फिरायला लागलो. मेधा रेलली. मी रेलले नाही. मी ठरवून असं केलं नाही, शपथेवर सांगते, पण पाठ सरळच राहिली आणि हाताची पकडही जपून, काचेचा पेला धरावा तशी. त्यामुळे झालं काय, की मी मध्ये खुंटासारखी उभी, आणि ती एकटीच बाहेर फेकल्यासारखी. तिसऱ्याच गिरकीला तिचा हात माझ्या हातातून निसटला. ती उलट्या पावलांनी भेलकांडत गेली आणि खुर्च्यांच्या चळतीवर पाठ आदळून खाली बसली.

सगळ्या धावल्या. मी धावले नाही. चार दिवस ज्याची भीती घालत फिरत होते ते मी माझ्याच हाताने करून ठेवलं होतं, आणि तेही अनुजाने नव्हे, मी. मेधाने डावा हात पोटाशी घट्ट धरला होता. अनुजा तिला उठवत होती. मेधाने तो हात हळूहळू वर केला, खाली केला, बोटं उघडली, मिटली. काही झालं नव्हतं. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा ती माझ्यावर मनापासून चिडलेली मला दिसली.

"तू ओढलं नाहीस म्हणून मी पडले," ती म्हणाली. "समोरची धरूनच ठेवणार नसेल तर मी रेलू कशाच्या भरवशावर? फिजिक्स शिकवतेस ना?"

शिकवते. दोघींच्या हातातली ओढ एकच असते, एकीला कमी आणि दुसरीला जास्त असं होत नाही, हे मी दर वर्षी शिकवते. एकीने द्यायचं नाकारलं की दुसरीलाही मिळत नाही. मी तिला म्हटलं, मला भीती वाटते. डॉक्टरांनी तुझा पहिला रिपोर्ट वाचला तेव्हापासून मला रोज भीती वाटते, आणि तुला धरलं तर ते खरं होईल असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलंय. एवढ्या बायकांसमोर मी हे बोलले. सुरेखाताईंच्या हातातला चहा तसाच राहिला.

"माझ्या शक्यता मला माहीत आहेत," मेधा म्हणाली. "मी स्वतः काढल्यात. त्या तुझ्या धरण्याने बदलत नाहीत आणि न धरण्यानेही बदलत नाहीत. आता ओढ."

ती पुन्हा उभी राहिली. या वेळी मी पाय तिच्या पायांना भिडवले, हात घट्ट धरला आणि मागे रेलले, पूर्वीसारखी, सगळं अंग सोडून. तिने तेवढंच ओढलं. सुरेखाताईंना मी टाळ्या सावकाश ठेवायला सांगितलं, दोन सेकंदांना एक, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझं ऐकलं. मध्य आता मधोमध नव्हता, माझ्याकडे सरकला होता. मी जवळजवळ जागच्या जागी फिरत होते आणि मेधा माझ्याभोवती मोठा गोल काढत होती. तिचा कुर्ता फुगला होता. तिचं तोंड उघडं होतं आणि ती हसत होती, आणि माझ्या उजव्या खांद्यात ती ओढ लागत होती, कमी, पूर्वीपेक्षा बरीच कमी, पण पक्की. थांबताना आम्ही घाई केली नाही. गिरक्या हळू करत आणल्या आणि दोघी सरळ झाल्यावरच हात सोडले.

मी हात सोडला खरा, पण मग तिला मिठी मारली. डाव्या बाजूला सपाट होतं. मी तिथूनच धरलं.

थोड्या वेळाने मी डोळे पुसून फळ्याकडे गेले. चुकीचं गणित फळ्यावर तसंच ठेवणं मला जमत नाही. मी मेधाच्या बाईखालचे साठ पुसले, त्रेचाळीस लिहिले, आणि मध्य सरकवायला लागले. मेधा माझ्या शेजारी उभी राहून बघत होती, अजून धापा टाकत.

"आता तुझंही खरं लिही," ती म्हणाली.

मी माझे साठ पुसले आणि त्रेसष्ट लिहिले. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मेधाने माझ्या हातातून मार्कर घेतला.

"आपलं ठेवायचं झाकून," ती म्हणाली. "अगं, आत्ता ओढलंय मी तुला."

मी मार्कर परत घेतला आणि अडुसष्ट लिहिले.